राखाडी माती

राखाडी माती वर आली तसं बोअरवाल्याने मशीन बंद केलं. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकून टाकली आणि मान हलवली.

"काय झालं?" थोरल्याने विचारलं. सकाळपासून तो खुर्ची टाकून तिथेच ठाण मांडून बसला होता.

कुंपणापलीकडे त्याच्या धाकट्या भावाची विहीर होती. वाटणीत ती धाकट्याकडे गेली आणि त्या पाण्यावर त्याने रोपवाटिका उभी केली. थोरल्याच्या घरचं पिण्याचं पाणीही तिथलंच. त्याची बायको कळशी घेऊन गेली की जाऊबाई स्वतः भरून द्यायची, वर कुंपणापर्यंत पोचवायची. कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. थोरल्याला नेमकं तेच सलायचं. एकदा तरी नाही म्हणाली असती, असं तो बायकोला ऐकवायचा.

आत्ताही पुतणीने कुंपणावरून तांब्या पुढे केला. "काका, पाणी घ्या ना."

थोरल्याने तो तसाच बोअरवाल्याकडे सरकवला. बोअरवाला घटाघटा प्यायला, तांब्या परत दिला आणि पोरगी पळाली.

"इथेच थांबू," तो तोंड पुसत म्हणाला. "वरचं पाणी गोडं आहे, तुम्हाला जन्मभर पुरेल. ही चिकणमाती म्हणजे झाकण आहे बघा. खाली समुद्राचं खारं पाणी दबा धरून बसलंय. झाकण फोडलं की ते वर चढणार."

"माझी बोअर खारट होईल?"

"तुमची एकट्याची कशी होईल? वरचं पाणी दोन्हीकडे एकच. पलीकडची विहीरही गेली समजा."

"पुन्हा गोड होतं ते?"

"तुमच्या-माझ्या हयातीत नाही."

थोरला उठला आणि कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. पलीकडे धाकटा वाकून रोपांना झारीने पाणी घालत होता. थोरला बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

बोअरवाल्याला बरं वाटलं. भावाभावांच्या हट्टापायी त्याने आजवर पुष्कळ जमिनींना भोकं पाडली होती. इथे निदान एकाला दुसऱ्याची काळजी होती. तो रॉड काढायला लागला.

"थांबलात कशाला मग?" थोरला मागे न वळता म्हणाला. "फोडा ते झाकण."