रविवारचा फोटो

जावयाने कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, जुन्या फोल्डरमधून एक फोटो उचलला, त्याची नक्कल केली, नकलेच्या नावात आजची तारीख-वेळ घातली आणि ती सासूबाईंच्या फोनवर पाठवून दिली. दर रविवारी सकाळी हे आपोआप व्हायचं. जावई फक्त स्वतःपुरता चहा करायचा.

फोटो कधी काढला, ती मूळ तारीख फाइलच्या आतही लिहिलेली असते. स्क्रिप्ट तीही बदलायची. इंजिनिअर माणूस, खोटंसुद्धा नीटनेटकं बोलायचा.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. सासूबाई लांब, दुसऱ्या देशात, आणि हृदय अधू. ही बातमी त्यांना सोसणार नाही, याची त्याला खात्री होती. मेहुणा त्यांच्याजवळच राहायचा. पण त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. हिच्या घशाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय, एवढंच कळवलं होतं.

"ताई आणि गप्प?" मेहुणा तेव्हा खो खो हसला होता. "दाजी, नशीब काढलंत!"

फोटो पोचला की सासूबाई आवाज रेकॉर्ड करून उत्तर पाठवायच्या. "बरी दिसतेस गं. वेळेवर जेवत जा." ते ऐकून जावई निमूटपणे जेवायला बसायचा. घरात आता तेवढं सांगणारंही दुसरं कुणी नव्हतं.

या रविवारी उत्तर आलं, "छान दिसतेस. केस तेवढे बांधत जा बाई."

आज कुठला फोटो गेला, म्हणून त्याने सहज उघडून पाहिलं. काळाकुट्ट चौकोन. नक्कल होताना फाइल बिघडली होती. त्यात बायको नव्हती, केस नव्हते, काहीच नव्हतं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि सासूबाईंच्या उत्तराची फाइल उतरवून घेतली. नावात आजची तारीख. आतली तारीख दोन वर्षांपूर्वीची.

मेहुण्याने लगेच फोन उचलला.

"काय दाजी, आज कशी काय आठवण?"

"आईंना दे जरा."

"झोपल्यात हो."

"उठव."

पलीकडे खुर्ची सरकली.

"देतो की," मेहुणा म्हणाला. "तुम्ही आधी ताईला द्या."