वेगवान ड्राइव्ह

वडील वारल्यापासून ज्या ड्राइव्हमध्ये राहत होते, तो हेमलताने काउंटरवर जवळजवळ आपटलाच. "साधं 'कसे आहात' विचारलं तरी उत्तराची वाट बघत बसायचं. जीव जातो नुसता! तुमच्याकडचा सगळ्यांत वेगवान दाखवा."

दुकानदार तांबोळींनी खिशात मावेल असा ड्राइव्ह काढला, तिच्या वडिलांना, भाऊंना, त्यात हलवलं आणि स्पीकर जोडला.

"नमस्कार भाऊ. काय म्हणतंय नवं घर?" तांबोळींनी विचारलं.

"ऐसपैस आहे हो! पण कोल्हापुरात दुकान थाटलंत आणि पाहुण्याला रश्शाचं विचारत नाही?" भाऊ घडाघडा बोलत सुटले. गिऱ्हाइकं हसायला लागली.

हेमलता खुलली. वाकून म्हणाली, "भाऊ, मी आलेय. बोला ना."

स्पीकर गप्प.

"बघा, हाही अडकला!" ती तांबोळींवर डाफरली.

तांबोळी संगणकाच्या पडद्याकडे बघत चाचरले. "अडकला नाही, ताई. उत्तर तयार होतंय, पुसलं जातंय. पुन्हा तयार होतंय, पुन्हा पुसलं जातंय."

गिऱ्हाइकं एकाएकी आपापल्या फोनमध्ये बघू लागली. हेमलताचे कान तापले, मान वर होईना.

"हेमे, रागावू नकोस गं," भाऊ अखेर म्हणाले. "तू चिडणार नाहीस असं काय बोलावं, तेच शोधत होतो."