गढीचा उंबरठा

वेल्समधल्या त्या पडक्या गढीच्या दाराशी आईने चपला काढल्या.

"अगं आई, छप्पर तरी आहे का याला? गवत ओलंय."

"उंबरठा आहे ना," म्हणत ती अनवाणी आत गेली.

बाबा गेल्यावर मी तिला इकडे माझ्या घरी आणलं, त्याला तीन महिने झाले होते. तिची बॅग अजून भरलेलीच होती. रोजची साडी ती बॅगेतूनच काढायची.

आत मेंढ्या चरत होत्या, ढगांच्या सावल्या गवतावरून सरकत होत्या. समोरच्या भिंतीत, पार वर, एक दगडी चूल अधांतरी उरली होती, काजळीसकट. आईने मान वर करून तिकडे बोट दाखवलं.

"मजला गेला, तरी चूल आहे बघ."

संध्याकाळी घरी तिने विचारलं, "ही रिकामी बॅग कुठे ठेवू गं?"