वासाची परीक्षा
दिवस मावळल्यावर सासूबाईंनी जेवायला मागितलं आणि आमच्या जैन घरात भूकंप झाला. सूर्यास्तानंतर ज्यांनी कधी घास घेतला नाही, त्या विचारत होत्या, "आज सैपाक काहून नाई केला वं?" मी त्यांना शेलूबाजारात आलेल्या स्मृतिभ्रंशाच्या संशोधकांकडे नेलं. तिथली मुलगी म्हणाली, "या आजारात आठवणींच्या आधी बऱ्याचदा नाक दगा देतं," आणि सासूबाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिनं वासाच्या बाटल्या काढल्या. लवंग, संत्रं त्यांनी पटापट ओळखलं. पुढच्या बाटलीवर लसणाचं चित्र पाहून मी कुजबुजले, "मॅडम, हे आमच्यात वर्ज्य आहे, त्यांना कसं कळणार?" "लसूण!" सासूबाई ओरडल्या. "शेजारच्या हाजराबीची फोडणी रोज भिंतीपलीकडून येऊन राह्यली, नाक काय बंद ठेवू?" मी हसत सुटले, म्हातारी तर ठणठणीत निघाली. "आता तुलनेसाठी तुम्ही," म्हणत मुलीनं पट्टी माझ्या डोळ्यांवर बांधली. मी खोल श्वास घेतला. "मॅडम, ही तर रिकामी बाटली आहे." तिनं दुसरी धरली. "हीसुद्धा." मुलीनं विचारलं, "सर्दी झालीय का?" नव्हती झाली. तिसरी बाटली आली. मी नाक बाटलीच्या तोंडाशी टेकवलं. "झाकण काढलंय ना?" मी विचारलं. "हो," ती हळू म्हणाली. तेवढ्यात कोणीतरी माझा हात घट्ट धरला आणि कानाशी सासूबाईंचा आवाज आला, "हिंग म्हन वं पोरी, हिंग म्हन."