बदलीचं ऊन

आमच्या लालबागच्या चाळीतली लाइट गेली की अर्धा दिवस येत नाही आणि बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनला नुसता इन्व्हर्टर पुरत नाही, तासाभरात मान टाकतो. म्हणून गच्चीवर सोलार बसवायचं ठरवलं. बिऱ्हाडकरूंना पटवता पटवता माझं वर्ष गेलं. आणि आज सोलारवाला गच्ची बघून खाली आला तो म्हणाला, "मॅडम, नाही जमणार. समोरच्या टॉवरची सावली पडते."

"दिवसभर पडते का?" माझा आवाज चढलाच.

"तसं नाही हो. ऊन येतं, पण कधी येईल, किती टिकेल, भरवसा नाही. त्या टॉवरवर आम्हीच पॅनल बसवलेत. तिथे कसं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन."

तो टॉवर बाबांच्या गिरणीच्या जागेवर उभा आहे. मी आता त्याला चांगलं सुनावणार, तेवढ्यात खाटेवरून बाबा बोलले. नाकात नळी तशीच होती.

"म्हणजे तिकडचं ऊन कायम आणि आमचं बदली."

"बदली म्हणजे ट्रान्सफर का, काका?"

"नाय रे. बदली म्हणजे रोज गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. आतला कोणी खाडा केला, तरच आपल्याला त्या दिवशी काम."

"अच्छा. तुम्ही बदली होता?"

"अजून आहे," बाबा म्हणाले. "ब्याऐंशीचा संप मिटला की कायम करणार आहेत."