तारेचा ब्रश

सकाळी सहापासून नागसेन ग्रिलची जाळी घासत होता आणि काळा थर निघायचं नाव घेत नव्हता.

फौंड्रीच्या मालकांनी नवं ग्रिल आणलं, तेव्हा जुनं त्याला देऊन टाकलं होतं. चाकांचं, झाकणाचं. दोन वर्षं ते जिन्याखाली गंजत पडलं होतं. आज लेकीच्या, दीक्षाच्या लग्नाची तारीख ठरवायला पाहुणे येणार होते. मुलगा प्रसेनजीत पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. त्याला निखाऱ्यावरचं चिकन आवडतं, एवढं कळलं होतं.

नागसेनने तळातली राख खरवडली, कोळसे पेटवून जाळी तापवली, तारेचा ब्रश चालवला. मग अर्धा कांदा तेलात बुडवून जाळीवर फिरवला. तरी मन भरेना. पुन्हा ब्रश घेतला.

"किती घासताय?" त्याची बायको मीनाबाई म्हणाली. "झिजून जाईल की ती."

"पावणं काय म्हणतील?"

"पावणं जाळी खाणार न्हाईत."

तेवढ्यात ब्रशातून दोन तारा निसटून फरशीवर पडल्या. केसासारख्या बारीक. त्याने त्या उचलल्या, ब्रश उजेडात धरला. आणखी चार-पाच तारा गायब होत्या. अंगणात सापडल्या नाहीत. त्याने ओल्या फडक्याने जाळी पुसायला घेतली. एक बाजू झाली आणि फाटक वाजलं. पाहुणे तासभर आधीच आले होते.

प्रसेनजीत, त्याची आई आणि आईचा भाऊ यल्लाप्पा. बोलत होती ती आईच.

"आमाला द्यायचं-घ्यायचं काय नको. फक्त लवकर उरकूया. ह्याच म्हैन्यात."

मीनाबाईचा चेहरा फुलला. दीक्षा खाली बघून हसली. चिकन भाजून झालं, पानं वाढली. नागसेन मात्र प्रत्येकाच्या तोंडात जाणारा घास बघत होता. पहिला घास, दुसरा. कोणाला काही झालं नाही. त्याने ताटातला एक तुकडा उचलला आणि तसाच ठेवला.

एकाएकी यल्लाप्पाला ठसका लागला. पाणी दिलं, भाताचा गोळा दिला. गळा धरून तो उठलाच.

"टोचतंय," तो कसाबसा म्हणाला. "आत टोचतंय काय तरी."

"हाडूक असंल, दादा," बहीण म्हणाली. "मी येते संगं."

त्याने हाताने नको नको केलं. नागसेनने स्कूटर तिरकी करून किक मारली.

रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. लग्न मोडतंय. माझ्या हाताने मोडतंय. सिग्नलला थांबल्यावर त्याला आठवलं की मागे माणूस बसलाय, त्याचा जीव जाऊ शकतो. स्वतःचीच शरम वाटली. त्याने सिग्नल तोडला.

दवाखान्यात रविवारची गर्दी कमी होती. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. काही दिसत नाही, फोटो काढू, म्हणाले. दोघं बाकावर बसले. यल्लाप्पाने रुमाल तोंडाला लावला होता. नागसेन एक्स-रेच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. सांगावं की नको? एक्स-रेत तार दिसणारच होती.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "हाडूक न्हाय ते. तार हाय. ब्रशातली. मला सकाळीच कळलंतं, तरी मी बोललो न्हाय. पोरीचं लगीन मोडंल म्हणून भ्यालो. दोष माझा हाय, पोरीचा न्हाय. तिच्यावर राग धरू नगासा."

 यल्लाप्पाने दाराकडे नजर टाकली आणि रुमाल खिशात घातला. आवाज अगदी मोकळा होता.

"माझ्या घशात काय बी न्हाय, पावणं. भनीसमोर बोलता येत नव्हतं, म्हणून तुमास्नी भाईर आणलं. प्रसेनजीतची बायको कबनूरला हाय. सातवा लागलाय तिला."