काशीत सोडलेलं

नरहरराव पैठणहून पायी चालत सत्तर दिवसांनी काशीला पोचले. पत्नी इंदू रेल्वेने आली होती.

"काशीत काहीतरी सोडायचं असतं," अहिल्याबाई घाटावर गुरुजी म्हणाले. "कोणी वांगं सोडतं, कोणी मिठाई. तुम्ही?"

"चालणं," नरहरराव म्हणाले. चाळीस वर्षं गड-लेणी पालथी घालून गुडघे झिजले होते. संकल्प करून त्यांनी लोखंडी टोकाची काठी गंगेला दिली आणि ते पायरीवर टेकले. इंदू वर चपलांपाशी उभी होती.

काठी दिसेनाशी झाली, तेवढ्यात खालून आवाज आला. टक. मग डावा पाय ओढल्याची फरफट. पुन्हा टक. स्वतःची चाल माणूस ओळखतोच. पण पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

आवाज त्यांच्या शेजारून वर चढला. फुलवालीने टोपली मागे ओढून वाट दिली.

"झालं का? माझा हात धरा, सावकाश चला," इंदू म्हणाली. तिच्यासमोर कोणीच नव्हतं.

"इंदू!"

तिने वळून पाहिलं. "कोण हो ते? तुमच्या ओळखीचे का?" तिने शेजारी विचारलं आणि त्या आवाजाबरोबर ती गल्लीत वळली.

नरहरराव उठायला गेले. पण एक पाय दुसऱ्यापुढे कसा टाकतात, ते त्यांना काही केल्या आठवेना.